एक ते आठ

घरोघरी इंटरनेट जोडून देणारा हा माणूस हाताने चपळ आणि तोंडाने गोड. अकरा वर्षांत त्याने चारेकशे घरांत वायफाय बसवलं आणि सगळीकडे पासवर्ड एकच ठेवला: एक ते आठ आकडे, ओळीने. कुणी विसरलं तर फोनवरच सांगता यावं, पायपीट वाचावी, म्हणून.

निवृत्त नर्सबाईंकडे राउटर लावताना त्या म्हणाल्या होत्या, "अरे, हा तर कुणालाही सुचेल."

"सिस्टर, तुमच्याकडे चोरायला आहे तरी काय?" तो हसला होता.

दीड वर्षाने सिस्टरांच्या दारात पोलीस आले. त्यांच्या कनेक्शनवरून एका शिक्षिकेला महिनाभर घाणेरडे मेसेज जात होते. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या बाईंना चौकीत तीन तास बाकावर बसवून ठेवलं. यालाही बोलावलं.

"असला पासवर्ड कुणी ठेवला?" साहेबांनी विचारलं.

"मीच सोपा मागितला असेल," सिस्टर म्हणाल्या. "हल्ली लक्षात कुठं राहतं!"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्याला शब्दन् शब्द आठवत होता. तरी तो गप्प राहिला. वर मानही डोलावली.

आठवड्यात खरा गुन्हेगार सापडला, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. पण जिन्यातली शेजारणींची कुजबुज काही थांबली नाही. ती याच्याही कानावर आली. शेवटी तो चौकीत जाऊन खरं सांगून आला आणि तसाच सिस्टरांकडे गेला. उंबऱ्यातच सगळं बोलून टाकलं.

त्यांनी त्याला आत घेतलं. मग म्हणाल्या, "त्या बाकावर बसून मी स्वतःलाच दोष देत होते रे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

त्याने राउटरमधलं जुनं, कच्चं एन्क्रिप्शन, म्हणजे वायफायचं कुलूपच, काढून नवं, पक्कं लावलं. "आता पासवर्ड म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द टाका. मोठा असू दे. कुणाला सांगू नका."

"मग तू भिंतीकडे तोंड कर."

तो मुकाट्याने वळला.

त्याच दिवशी त्याने त्या इमारतीतलं प्रत्येक दार वाजवलं. "सिस्टरांचा काही दोष नव्हता, चूक माझी," एवढं सांगितलं. आता रोज काम संपल्यावर दोन घरांचे पासवर्ड बदलतो. लोक हसतात, काही झापतात. अजून दीडशे घरं बाकी आहेत.

सिस्टर रस्त्यात भेटल्या की आपणहून बोलतात. तो उत्तर देतो, पण खाली बघून.