पुढे वाच

गाडीत वाचलं की मला मळमळायचं. बाबांना हे कधी पटलंच नाही. "नखरे हैं सब," म्हणायचे. कानावर काही पडत नसलं की गाडी चालवताना त्यांचा डोळा लागायचा, म्हणून इंदूर ते पुणे मी आणि आई आळीपाळीने कादंबरी वाचून दाखवायचो. गाडी सेकंड हँड, मागची दोन्ही दारं फक्त बाहेरून उघडायची. पुढच्या सीटवर काकांसाठी इंदुरी शेवेचे डबे, त्यामुळे आम्ही दोघी मागे, खुराड्यात डांबल्यासारख्या.

बाबांची मिल बंद पडल्यापासून घर आईच्या पगारावर चाललं होतं. इंदूरच्या तुकोगंजातल्या एका दवाखान्यात ती रिसेप्शनवर होती, आणि ते काम तिला मनापासून आवडायचं. बाबांना मात्र तो पगार गिळवत नव्हता. त्यांनी पुण्याला काकांच्या वर्कशॉपमध्ये काम पक्कं केलं, भाड्याची खोली ठरवली, आणि मग आम्हाला सांगितलं. त्या खेपेला ती खोली बघायलाच निघालो होतो. आईने पहिला घाट लागायच्या आधी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा बाबा म्हणाले, "पुढे वाच." मला असा संताप आला की पुस्तक खिडकीतून भिरकावून द्यावं.

सेंधव्याच्या अलीकडे मला उलटीसारखं झालं, म्हणून पुस्तक आईने घेतलं. कादंबरीत लग्नाची पंगत बसली होती. आईने ओळीवर बोट ठेवलं आणि त्याच सुरात वाचलं, "बाई म्हणाली, मला हे गाव सोडायचं नाही. मला कुणी विचारलंच नाही."

मी पानात डोकावले. तसं काहीच लिहिलेलं नव्हतं.

एक ट्रक मागे टाकून बाबांनी विचारलं, "मग? नवरा काय म्हणाला?"

"ते अजून आलेलं नाही," आई म्हणाली.

बाबांनी ढाब्यावर गाडी थांबवली. एकटेच उतरले, आमच्याकडे पाठ करून चहा प्यायले. मला वाटलं, आता येतील, आईचं दार उघडतील, तिला काहीतरी विचारतील. आले ते दोन ग्लास घेऊन. खिडकीतून आत दिले, रिकामे झाल्यावर परत नेले, आणि येऊन गाडी सुरू केली.

"आता तू वाच बेटा," मला म्हणाले.

आईने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. पंगतीत जिलबी वाढायला आले होते, तिथून मी वाचायला लागले.