अर्लो स्टेंगलने मागे घेतलेला शब्द

अर्लो स्टेंगल मूळचा लिलाववाला. पूर्व मोंटानातल्या आमच्या भागात ज्यांनी म्हणून गुरं पाळली, त्या प्रत्येकाची खोंडं कधी ना कधी अर्लोच्या आवाजावर विकली गेली आहेत. पुढे त्याचे गुडघे गेले, ओट्यावर दिवसभर उभं राहणं जमेना, तेव्हा आमच्या गावच्या रेडिओ केंद्राच्या मालकाने त्याला माइकसमोर बसवलं. मी तिथे हवामान, गव्हाचे भाव आणि जाहिराती वाचायचे. मालक मला म्हणाला, "लिनेट, महिनाभर टिकला तरी खूप झालं." मालक जाऊन आता बरीच वर्षं झाली, अर्लो टिकून होता.

कार्यक्रमाचं नाव 'अर्लोचा हातोडा'. गुरांना चारा घालून माणसं नाश्त्याला घरात येतात त्या वेळी तो लागायचा. आधी अर्लो गावातल्या मयतांच्या बातम्या द्यायचा: कोण गेलं, प्रार्थना कुठल्या चर्चमध्ये, नंतरचं जेवण कुठे. मग घसा खाकरून तो वॉशिंग्टनकडे वळायचा. कर, सीमा, बंदुका, आमच्या कुरणांवर डोळा ठेवून बसलेले सरकारी बाबू. "यांनी जन्मात गाय पाहिली नाही, आणि गाईने किती ढेकर द्यावेत ते हे ठरवणार," हे त्याचं वाक्य गावातल्या पोरासोरांच्या तोंडी होतं. बोलून झालं की तो लिलावाचा जुना हातोडा टेबलावर आपटायचा आणि म्हणायचा, "विकलं." माझी कॉफी दर वेळी हिंदकळायची.

मी त्याच्याच पक्षाची आहे. आमच्याकडे बहुतेक सगळेच आहेत. तेव्हा हे कुणा विरोधकाने उट्टं काढायला लिहिलंय असं समजू नका. अर्लो बोलायचा त्यातलं निम्म्याहून जास्त मला पटायचं आणि उरलेलं ऐकायला मजा यायची. एकच गोष्ट खटकायची. बोललेला शब्द तो मागे घ्यायचा नाही. एकदा गव्हाच्या अनुदानाचा आकडा त्याने धडधडीत चुकीचा सांगितला. मी चिठ्ठी सरकवली, तर त्याने त्या चिठ्ठीने चष्मा पुसला.

"हातोडा पडल्यावर बोली फिरवली की लिलाववाल्याचा धंदा बसतो, लिनेट."

"तू आता गुरं विकत नाहीस."

"मग काय विकतो?" असं म्हणून तो स्वतःच हसला. मीही हसले. तेव्हा त्यात हसण्यासारखंच होतं.

राष्ट्राध्यक्षपदाच्या त्या निवडणुकीत अर्लोला जोर चढला होता. एरवी टपालाने मत देणाऱ्यांवर तो तोंडसुख घ्यायचा, पण त्या ऑक्टोबरात म्हणाला, "ज्यांना चालता येतं त्यांनी चालत या. जे अंथरुणावर आहेत त्यांनी टपालाने पाठवा. पण या वेळी मत न देता मरायची मी कोणाला परवानगी देत नाही." वर हातोडा आपटला. लोकांना ते इतकं आवडलं की आठवडाभर कॅफेत एकमेकांना विचारत होते, मरायची परवानगी मिळाली का म्हणून.

मोंटानात आमचा उमेदवार आरामात जिंकला. देशात हरला. अर्लोने ते फार मनाला लावून घेतलं. लांबच्या मोठ्या शहरांत मेलेल्या माणसांची मतं पडली, हे तो रोज सांगू लागला. मी म्हणायचे, "पुरावा?" तो म्हणायचा, "तू कधीपासून त्यांच्या बाजूची झालीस?"

अशात एका सकाळी ग्रेडी लुंडकडून त्याला एक बातमी मिळाली. ग्रेडी म्हणजे अर्लोचा लहानपणापासूनचा दोस्त, गावाबाहेर त्याचा गुरांचा मोठा कळप आहे, आणि पक्षासाठी मतदारांना फोन करायचं काम तो हौसेने करतो. कोणाचं मत पोचलं आणि कोणाचं नाही, हे त्या कामात कळतं. कॅफेत अंडी खाता खाता तो म्हणाला, "अर्लो, लेनोरा फिस्कचं मत मोजलं गेलंय. तिला तर आपण निवडणुकीच्या आधीच पुरलं ना?"

पुरलं होतं. तिच्या मयताची बातमी अर्लोनेच वाचली होती. लिलावात कोपऱ्यातल्या माणसाने नुसती मान हलवली की हा बोली धरायचा. तशीच त्याने ही धरली. केंद्रावर येऊन सरळ माइकसमोर बसला. मतं मोजतात त्या काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कचेरीत साधा फोन करून विचारणं काही कठीण नव्हतं. तिथली बाई माझी चुलत बहीण आहे.

"तुम्हाला वाटतं हे फक्त लांबच्या शहरांत होतं," अर्लो म्हणाला. "मी स्वतः जिच्या अंत्यविधीची वेळ तुम्हाला सांगितली, त्या लेनोरा फिस्कने या निवडणुकीत मत दिलंय. आता मेलेली बाई काही पेन धरत नाही. त्या घरात लिफाफा कोणी तरी भरला. कोणी तरी तो कचेरीत नेऊन टाकला. कोणी, ते तुम्ही ठरवा." हातोडा. विकलं.

ठरवायला काय होतं? लेनोराच्या घरात तिच्याखेरीज एकच माणूस राहायचं, तिची मुलगी ट्रूडी. आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरातली ट्रूडी. गुरुवारी मांस-राजम्याच्या चिलीबरोबर दालचिनीचे गोड रोल करते, आणि ते खाऊन वाढलेल्या पोरांची पोरं आता शाळेत आहेत.

ते बोलणं कोणी तरी इंटरनेटवर टाकलं आणि दोन दिवसांत देशभर गेलं. न्यूयॉर्कच्या एका वाहिनीचा फोन आला. अर्लोने टाय लावला, मी त्याच्या कॉलरवरचा कोंडा झटकला. वाहिनीवरचा देखणा माणूस त्याला 'खऱ्या अमेरिकेचा आवाज' म्हणाला. आयुष्यभर काउंटीच्या कुंपणात घुमलेला आवाज पहिल्यांदा बाहेर गेला होता, आणि अर्लोचे कान लाल झाले होते आनंदाने. मला त्याचा राग आला आणि कौतुकही वाटलं, दोन्ही खरं आहे.

तिकडे ट्रूडीला फ्लोरिडातून, टेक्सासमधून अनोळखी माणसं फोन करून चोर म्हणत होती. शाळेने सांगितलं, जरा निवळेपर्यंत घरी राहा. चर्चमध्ये ती बसली त्या बाकावर दुसरं कोणी बसलं नाही. मी बसले नाही, कारण मी नेहमी पुढे बसते. निदान तेव्हा मी स्वतःला असं सांगितलं.

सोमवारी कार्यक्रम संपता संपता ती केंद्रावर आली. अंगात आईचा जाड कोट होता.

"अर्लोकाका, मला दोन मिनिटं बोलायचंय."

"बस ना, ट्रूडी."

ती बसली नाही. "आईने मत दिलं तेव्हा ती जिवंत होती. पाठीमागे उशा लावून मी तिला बसवलं. सही करायला तिला किती वेळ लागला माहितेय? मधे दोनदा झोपली. मी म्हटलं, राहू दे गं आई, एका मताने काय होतंय. तर माझ्यावर डोळे वटारून म्हणाली, अर्लोने परवानगी दिलेली नाही."

अर्लोने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दुसऱ्या दिवशी मी लिफाफा कचेरीत नेऊन दिला. त्यानंतर आठवड्याने ती गेली. मत देऊन माणूस गेलं तर आपल्या राज्यात ते मत मोजतात, कायदाच आहे तसा. तुम्ही विचारलं असतं तर कोणीही सांगितलं असतं. मलाच विचारायचंत. मी रोज सकाळी घरीच असते, तुमचंच ऐकत असते."

"ट्रूडी, मी तुझं नाव घेतलं नव्हतं," अर्लो म्हणाला.

हे त्याच्या तोंडून निघालं आणि मला वाटलं, जमिनीने मला पोटात घ्यावं. बोलला तो, पण लाज मला वाटली.

"माझं नाव राहू द्या. आईचं घेतलंत ना? तिने तुमच्यासाठी शेवटचं काही केलं असेल तर ते मत. तेवढं तिचं तिला परत द्या. रेडिओवरच."

दुसऱ्या दिवशी अर्लो माइकवर म्हणाला, "फिस्क बाईंच्या मतात कायद्याने काही गैर नसावं असं मला काही जणांनी कळवलं आहे. मी तर फक्त प्रश्न विचारला होता. प्रश्न विचारणं या देशात अजून गुन्हा नाही." आणि हातोडा.

मी दोघांचे माइक बंद केले, गाण्याची तबकडी लावली आणि त्याला म्हटलं, "अर्लो, तुझ्यासारख्या नेभळट माणसाला मी इतकी वर्षं कॉफी करून घातली, याचं मला वाईट वाटतंय."

"हळू बोल."

"का? माइक बंद आहे. चालू असताना तू बोलायचं होतंस."

गाणं संपलं, मी दुसरं लावलं. अर्लो हाताच्या तळव्याने तोंड पुसत बसला होता. मग खूप हळू म्हणाला, "लिनेट, ती सही करताना मधे झोपली गं." त्याचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, पाहायची इच्छाही नव्हती.

बुधवारी त्याने मयतांच्या बातम्या झाल्यावर वॉशिंग्टनचं नाव काढलं नाही. हातोडा मला ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगितला. मग बोलला, "लेनोरा फिस्कने स्वतःच्या हाताने, जिवंतपणी, माझं ऐकून मत दिलं. तिच्या मुलीने ते इमानाने पोचवलं. मी कोणालाही न विचारता दोघींना चोर ठरवलं. मी खोटं बोललो. न्यूयॉर्कच्या वाहिनीवरही खोटं बोललो. मला स्वतःची लाज वाटते. मी शब्द मागे घेतो."

एवढंच. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. लगेच श्रोत्यांच्या थेट रेडिओवर जाणाऱ्या फोनचे दिवे लागले, सगळेच्या सगळे. मला वाटलं, माणसं म्हणतील, शाबास, उशिरा का होईना.

पहिला म्हणाला, "किती दिले रे त्यांनी?" दुसरी बाई म्हणाली, "वकिलाची नोटीस आली वाटतं." तिसऱ्याने विचारलं, हा अर्लोच आहे की कोणी त्याचा आवाज काढतंय. अर्लो प्रत्येकाला तेच सांगत होता, "नाही हो, मीच चुकलो," आणि प्रत्येक जण ते ऐकून जास्तच पक्का होत होता.

शेवटचा फोन ग्रेडीचा. तो चिडलेला नव्हता. आजारी माणसाशी बोलावं तसा बोलत होता.

"अर्लो, ऐक. तू शब्द मागे घेणारा माणूस नाहीस. सत्तर वर्षांत घेतला नाहीस. तुझ्यावर कोणी तरी दबाव आणलाय."

"ग्रेडी, देवाशपथ कोणी आणलेला नाही."

"असंच म्हणायला लावतात, ते कळतं मला. तूच तर शिकवलंस आम्हाला, सरकारी माणूस नाही म्हणाला की समजायचं, हो. तुला बोलता येत नसेल तर बोलू नकोस. नुसता गप्प राहा, म्हणजे मी समजेन."

अर्लोने तोंड उघडलं. लिलावात मिनिटाला शेकड्याने शब्द ओकणाऱ्या त्या माणसाला एक शब्द सापडेना. रेडिओवर नुसती खरखर चालू होती.

"समजलो," ग्रेडी म्हणाला. "आम्ही आहोत तुझ्या पाठीशी." आणि त्याने फोन ठेवला.

दुपारी मी अर्लोला माझ्या गाडीतून ट्रूडीकडे नेलं. रस्त्यावर बर्फ होता, त्याच्या गुडघ्यांना पायऱ्या चढवत नव्हत्या, मी दंडाला धरून वर नेलं. ट्रूडीने दार उघडलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"ट्रूडी, मी सांगितलं गं सगळं," अर्लो म्हणाला.

"ऐकलं मी. पुढचे फोनही ऐकले." तिने पाऊल मागे घेऊन त्याला वाट दिली. "आत या, काका, थंडी आहे. तुम्ही खरं बोललात ते मला कळलं. पण आईचं काय करू? ती असती ना, तर ग्रेडीच्याही आधी तिचा फोन आला असता. तीही हेच म्हणाली असती. आमचा अर्लो असं बोलणार नाही, त्याला कोणी तरी धरलंय."

अर्लो उंबऱ्याशीच उभा राहिला. मी दंडाला धरून आत ओढू पाहिलं, पण तो हलेना.