वाघावरची पोरगी

नातीच्या पुस्तकावर तलवार घेऊन वाघावर बसलेली पोरगी पाहिली आणि नाकात ओल्या हळदीचा वास भरला.

लहानपणी दुबलगुंडी गावात तुरी बडवताना माझी थोरली बहीण, अक्का, अशाच पोरीची गोष्ट मनानं रचून सांगायची. पोरगी राक्षसाच्या गुहेपाशी पोचली आणि इकडं आठवीतल्या अक्काचं लग्न ठरलं. हळद लागलेल्या नवरीनं उंबरा ओलांडायचा नसतो, म्हणून ती आत अन् मी बाहेर.

"अक्का, ती पोरगी गुहेत कवा जायलीय?"

पिवळ्या हातांनी चौकट धरून अक्का म्हणाली, "उद्या. वाघ न्हाई येणार संगं."

दुसऱ्या दिवशी लग्न होतं. मी मात्र टाळ्या पिटल्या. वाटलं, एकटीच जायलीय, केवढी शूर!