अळणी चातुर्मास

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायको होती तोवर तिला कळेल म्हणून, मग मुलींना काय वाटेल म्हणून. खरं कारण वेगळंच होतं. "बहिणीला जन्मभर सांभाळलं यानं," असं लोक माझ्याबद्दल म्हणतात आणि ते ऐकायला मला आवडायचं.

माझी धाकटी बहीण गिरगावात आमच्याकडेच राहायची. तरुणपणी तिला उन्मादाचा आजार जडला. कधी रात्रंदिवस जागरण, अखंड बडबड, कपाटातल्या साड्या शेजारणींना वाटून टाकणं. आणि मग महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहणं. लिथियमच्या गोळीनं ती माणसांत आली. शिवणाचे क्लास घेऊ लागली, माझ्याशी भांडू लागली. श्रावणातल्या शुक्रवारी चाळीतल्या बायका कहाणी ऐकायला आमच्याच खोलीत जमायच्या. राणीचा आवाज वेगळा, सुईणीचा वेगळा, असं तिच्यासारखं वाचणारं दुसरं कोणी नव्हतं.

गोळी सुरू केली तेव्हा ती इंजेक्शनच्या गुंगीत होती, म्हणून डॉक्टरांनी मलाच बाजूला घेऊन बजावलं होतं. "हिचं मीठ-पाणी कधी तोडायचं नाही. कडक उपास नकोत. आणि रक्त वेळच्या वेळी तपासायचं." मी मान हलवली. काही वर्षं तपासण्या केल्या. मग, बरी तर आहे, म्हणून सोडून दिल्या. केमिस्ट ओळखीचा होता, जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देत राहिला. मिठाचं मी घरात कोणाला सांगितलंच नाही, आणि पुढे माझ्याही डोक्यातून ते गेलं.

मला रक्तदाब निघाला त्या वर्षी बहिणीनं चातुर्मासाचा नेम धरला. कोणी वांगं सोडतं, कोणी कांदा-लसूण. हिनं मीठ सोडलं. दादाची तब्येत सुधारावी म्हणून.

"वहिनी, तुझी आमटी आज काही बोलतच नाहीये गं," पहिल्या दिवशी ती पानावर बसून म्हणाली.

"तुझ्या भावाला विचार. आणि नेम तू धरलायस, मी नाही," बायको म्हणाली. "मी आपली लोणचं घेणार."

"घे घे. मी बघत बसते."

आम्ही हसलो. माझ्यासाठी कोणी एवढं करतंय याचं मला बरंच वाटलं होतं.

श्रावण लागला तसे तिचे हात कापू लागले. सुईत दोरा जाईना. पोट बिघडलं. त्या शुक्रवारी कहाणी वाचताना शब्द एकमेकांत अडकायला लागले. समोरच्या खोलीतली बाई हसून म्हणाली, "काय गं, भांग-बिंग घेऊन बसलीस की काय?" बायका हसल्या. तीही हसली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली, तरी जमेना. मी दारात उभा होतो. मला लाज वाटली. आजार परत येतोय, एवढंच मला सुचलं.

पूर्वी एकदा तिनं गोळ्या गादीखाली लपवल्या होत्या आणि सगळं पुन्हा उलटलं होतं. म्हणून त्या दिवसापासून मी स्वतः समोर बसून गोळी द्यायला लागलो.

"दादा, या गोळीनं मळमळतंय रे. दोन दिवस नको देऊ."

"नाटकं नकोत. तोंड उघड."

तिनं तोंड उघडलं. गिळल्यावर लहान मुलासारखी जीभ बाहेर काढून दाखवली, मी विश्वास ठेवावा म्हणून.

पुढच्या आठवड्यात ती संडासाकडे जाताना गॅलरीत पडली आणि आम्हाला ओळखेनाशी झाली. परळच्या हॉस्पिटलात रक्त तपासलं तेव्हा लिथियम भलतंच चढलेलं निघालं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला आणि बायकोला समोर बसवून समजावलं. लिथियम हाही एक क्षारच. मूत्रपिंडाला तो आणि मीठ यांतला फरक नीट कळत नाही. अंगातलं मीठ कमी झालं की मूत्रपिंड मिठासोबत लिथियमही धरून ठेवतं. ज्या औषधानं मन ताळ्यावर राहतं, तेच मग साठत जाऊन मेंदूला विष होतं.

"हे तुम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "नाही."

डायलिसिस करून तिला वाचवलं. पण लहान मेंदूला झालेली इजा राहिली. चालताना भिंत धरावी लागे. बोलणं जड झालं, प्रत्येक शब्द वेगळा उचलून ठेवल्यासारखं. पुढच्या श्रावणात बायका दुसरीकडे जमल्या. ती दाराशी बसून त्यांची जा-ये बघत होती.

तिच्या मनानं मात्र वेगळंच घेतलं होतं. हॉस्पिटलात तिला सलाईन लावलं होतं. ते मिठाचं पाणी असतं हे तिला नर्सकडून कळलं. पुढे मला अँजिओप्लास्टी करावी लागली, तेव्हा तिनं धरून ठेवलं की नेम मोडला म्हणून दादावर हे आलं. बायको समजूत घालायची. मी गप्प राहायचो. तिचं चुकतंय असं म्हटलं, तर कोणाचं चुकलं हेही सांगावं लागलं असतं.

ती न्यूमोनियानं अंथरुणाला खिळली तेव्हा बायको जाऊन वर्ष झालं होतं. एका दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. तिनं मला जवळ बोलावलं.

"दादा... माफ कर. नेम... पुरा... नाही झाला."

मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीच विसरलो, तू नको म्हणत असताना मीच तुला गोळी गिळायला लावली, तू मला माफ कर. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. ती डोळे मोठे करून माझ्या उत्तराची वाट बघत होती.

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "केलं माफ. आता शांत पड बघू."