मोठ्या माणसांच्या खेळण्यांचं दुकान

दुकानात माल खपला नाही की दोनच गोष्टी साठतात, धूळ आणि किस्से. धूळ मी रोज झटकते. किस्से झटकून जात नाहीत, म्हणून तुम्हाला बसवून सांगते.

शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाले आणि यवतमाळात मोठ्या माणसांसाठी लाकडी खेळण्यांचं दुकान काढलं. टेबलावर ठेवायच्या, हँडल फिरवून हलवायच्या गमती. चित्र मी काढायचे, सागवानात घडवायचे सुधाकरभाऊ. ते मूळचे राळेगावचे सुतार, जन्मभर दारं-चौकटी केलेले. आमच्याकडे येऊन पहिल्यांदा हसताना दिसले, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं होतं.

पण वर्ष झालं तरी एकाही मोठ्या माणसानं स्वतःसाठी म्हणून खेळणं नेलं नाही. तेव्हा भाऊ म्हणाले, "मॅडम, दिवाळीपर्यंत पाहू. एक जरी मोठा माणूस 'मलेच पाहिजे' म्हणून घेऊन गेला, तं दुकान चालू. नाही तं मी चाललो चौकटी कराले!"

एक! मागणं काही फार नव्हतं.

*

आमची गोट्यांची घसरगुंडी आहे. वरून गोटी सोडली की वळणं घेत येते आणि खालच्या घंटीवर टण्णकन आदळते. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ आला आणि अर्धा तास गोट्या सोडत राहिला. एखादी मध्येच अडली की "अरे, चाल न बाप्पा!" म्हणून तिला समजवायचा. मी हळूच पिशवी काढली. लगेच भानावर येऊन म्हणतो कसा, "नाही मॅडम, घरी पोरगं लहान आहे. तोडून टाकते."

तो गेला. भाऊंनी रंधा थांबवला. "कोणतं पोरगं? मागच्याच गल्लीत राह्यते तो. त्याचं तं लग्नच नाही झालं!"

*

एका ऑफिसच्या लोकांनी साहेबांच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळाबरोबर आमचा लाकडी साहेब भेट दिला. हँडल फिरवलं की हा कागदावर धडाधड शिक्के मारतो. दुसऱ्या दिवशी खरे साहेब खेळणं काखेत मारून दुकानात हजर! मला वाटलं, आता आपला उद्धार होणार. ते खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "याचा स्पीड कमी करून द्या. एवढ्या लवकर मी जिंदगीत शिक्का मारला नाही. लोकं काय म्हणतीन?"

भाऊंनी आतलं चाक बदलून दिलं. साहेब खूश होऊन गेले. मी आशेनं विचारलं, "भाऊ, हे धरायचं का?"

"भेट आलेलं कायले धरता?"

*

मग तान्हा पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडी नंदी सजवून दारोदार फिरवतात, चौकाचौकात स्पर्धा असते. दुकानात ही गर्दी! सगळी मोठी माणसं, आणि सगळ्यांना पोरांसाठी नंदी हवा. बाकी खेळण्यांकडे कोणी ढुंकून पाहिना.

नंदी संपले. उरला फक्त मोठ्यांसाठी केलेला एक, चार पावलं ओढला की फतकल मारून बसणारा. मी परोपरीनं सांगितलं, तरी एक आजोबा तोच नातवासाठी घेऊन गेले. संध्याकाळी परत आले, नंदी बगलेत आणि नातू डोळे पुसत मागे.

"मॅडम, बैलानं बसावं. आम्ही काही म्हणत नाही. पण परीक्षकाईच्या समोर?"

नंदी परत घेतला. रात्री झोप लागली नाही, हे खरं. त्या पोराचं रडणं माझ्यामुळेच होतं.

*

पुण्याच्या एका हौशी माणसानं फोटो पाहून माकड मागवलं. हे माकड कॉम्प्युटरसमोर बसून डोकं खाजवतं. स्वतःसाठीच हवंय म्हणाला! भाऊंनी आठ दिवस खपून माकडाची बोटं न् बोटं कोरली. पार्सल पोचल्यावर त्यानं व्हिडिओ कॉल केला. काचेच्या कपाटात आमचा खोका तसाच्या तसा, चिकटपट्टीसकट उभा.

"उघडलं नाही?" मी विचारलं.

"छे, छे! कलेक्शन आहे हे. बॉक्स उघडला की व्हॅल्यू जाते."

भाऊ माझ्या मागून वाकून पाहत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पहिले सांगतलं असतं तं खालीच डब्बा पाठवला असता!"

हेही धरलं नाही. त्यानंतर भाऊंनी नवीन काही करायला घेतलं नाही.

*

आता माझा स्वतःचा किस्सा. दसरा उलटला होता, दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. मी घसरगुंडीवर गोट्या सोडत बसले होते आणि जीव खरंच रमला होता. तेवढ्यात आमच्या जुन्या मुख्याध्यापिका दारात!

"हे काय चाललंय?"

"काही नाही मॅडम, टेस्टिंग," मी म्हणाले आणि ताडकन उभी राहिले.

भाऊ कोपऱ्यात होते. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांनी ऐकलं होतं. लोकांना हसत होते मी वर्षभर, आणि वेळ आली तेव्हा मीही तेच केलं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, दुकान बंदच व्हावं.

*

धनत्रयोदशीची दुपार. भाऊंनी आपली हत्यारं पोत्यात भरली होती. बाभुळगावहून बाजाराला आलेल्या एक बाई आत शिरल्या, साठीच्या असतील. सगळं पाहत पाहत पोळ्या लाटणाऱ्या लाकडी बाईपाशी थांबल्या. हिचं हँडल फिरवलं की ती मान खाली घालून लाटत राहते.

"कोणासाठी पाहता?" मी सवयीनं विचारलं.

"मले."

भाऊ पोतं सोडून उभे राहिले. मी पुन्हा विचारलं.

"मलेच. काहून, देत नाही का?"

त्यांनी हँडल धरलं आणि फिरवायला लागल्या. बराच वेळ फिरवलं. मग म्हणाल्या, "थांबते कधी हे?"

"तुम्ही हात काढला का थांबते," भाऊ म्हणाले.

बाईंनी हात काढला. लाटणं थांबलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि त्या थांबलेल्या बाईकडे पाहत बसल्या. मी दिलेला चहा निवून गेला.

"द्या मले. पण हँडल काढून द्या."

"बाई, मंग ते हलनार नाही," भाऊ म्हणाले.

"समजलं न. काढा."

भाऊंनी पोत्यातून पक्कड काढली. हँडल उपटलं, कागदात नीट गुंडाळलं आणि त्यांच्या पिशवीत टाकायला हात पुढे केला. बाईंनी पिशवीचं तोंड घट्ट धरलं.

"ते घरी नोको. कोणाच्या ना कोणाच्या हाती लागते, अन् फिरवत बसतात."