कंचनच्या खिडकीतलं गळणं

कंचनच्या भाच्याचा फोन सकाळी आला. "मावशी, आत्या गेली," तो म्हणाला. कंचन माहेरी, पारोळ्याला गेली होती. तिथेच पहाटे झोपेत तिचा श्वास थांबला. मी गॅस बंद केला आणि पारोळ्याची बस धरली. संध्याकाळी धुळ्याला, देवपूरला परत आले, तेव्हा तिच्या घराची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. बाहेरगावी जाताना ती किल्ली माझ्याकडे ठेवून जायची. मी कुलूप काढलं. आत माठ भरलेला होता. खिडकीशी दोरीवर तिचं गळणं, पाणी गाळायचं कापड, वाळत होतं...

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लिहावं की नाही, याचा विचार करण्यात त्यातले बरेच दिवस गेले. कंचनला स्वतःविषयी छापून आलेलं आवडलं नसतं. जंतांविषयी आलेलं मात्र तिने कात्री घेऊन कापून ठेवलं असतं.

हो, जंतच. माणसांच्या, बकऱ्यांच्या, माशांच्या पोटातले. धुळ्याच्या एका महाविद्यालयात ती प्राणिशास्त्र शिकवायची आणि मी तिथल्या ग्रंथालयात होते. ती पहिल्यांदा पुस्तक मागायला आली, तेव्हा माझा चेहरा बदललेला तिला दिसला असावा. "वास माझा नाही हो, माशांचा आहे," ती म्हणाली आणि टेबलापासून दोन पावलं मागे सरकून उभी राहिली. पुढे आम्ही देवपुरात शेजारी राहायला आलो आणि त्या वासाची मला इतकी सवय झाली, की सुट्टीत तो आला नाही तर चुकल्यासारखं वाटे.

तिचं घर पारोळ्यातलं, धान्याच्या दुकानाचं. आजोबा-पणजोबांच्या काळात राजस्थानातून आलेलं जैन कुटुंब. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी, शाळेत मराठी. अशा घरातली मुलगी रविवारी सकाळी झाकणाचा डबा घेऊन मासळीबाजारात उभी राही. मासा ती कधी विकत घेत नसे. कोळणीने साफ करताना फेकलेली आतडी तेवढी मागून घेई. हा तिचा नियम होता. आपल्यासाठी म्हणून एकही मासा मरता कामा नये. एकदा मी सोबत गेले होते. तिथली म्हातारी कोळीण शेजारणीला मोठ्यांदा म्हणाली, "हाई बाई देख व माय! मासा सोडी देस नि आतडा लई जास!" सगळा बाजार हसला. कंचनही हसली. "मासा तुम्हना, आतडा मन्हा. भांडन नको," असं म्हणत तिने डबा पुढे केला. म्हातारीने तो काठोकाठ भरला. "लई जाय, बठ्ठा तुन्हाच शे!"

त्या आतड्यांत ती काय पाहायची, ते मला समजायला वेळ लागला. एखादा पट्टकृमी वाढायला काय काय लागतं, हे ती पोळ्या लाटता लाटता सांगायची. बगळ्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात पडणार, ती पाण्यातला डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक जीव गिळणार, त्याला मासा गिळणार, माशाला बगळा, आणि बगळ्याच्या पोटात तो जंत मोठा होणार. "एका जंताला एवढं गणगोत लागतं, विमल. यातलं एक जरी गेलं तरी त्याचा वंश संपला." एका वर्षी पांझरेच्या माशांत जंत सापडेनात. मी म्हटलं, बरं झालं की. ती लाटणं हातात धरून थांबली. "मासे निरोगी झाले असं वाटतं का तुला? बगळे यायचे थांबलेत. नदीला काहीतरी झालंय." त्यानंतर मी पुलावरून जाताना खाली बगळे आहेत का, ते बघू लागले.

तिला हा नाद कुठून लागला, तेही तिनेच सांगितलं. बाबूजींच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या दुकानात सुका नावाचा हमाल होता. त्याला नारू झाला. ज्यांनी नारू पाहिला नाही, त्यांच्यासाठी सांगते. हा दोऱ्यासारखा लांब जंत पायाच्या फोडातून बाहेर येई आणि माणूस तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत बसे. सुका दुकानाच्या पायरीवर पाय पसरून काडी फिरवायचा आणि लहानगी कंचन समोर उकिडवी बसून पाहायची. तिने हात पुढे केला की तो म्हणे, "हात नको लावू, पोरी. तुटना ते बठ्ठा पाय सुजी जाई." एक दिवस तो तुटला. पाय सुजला आणि सुका पुढे जन्मभर लंगडत चालला. गावातली विहीर पायऱ्यांची. लोक पाण्यात उतरून घागरी भरत. सुकाही तिचंच पाणी पिई आणि बाबूजींच्या घरीही तेच येई. पण त्यांच्या घरात कुणाला कधी नारू झाला नाही.

कंचनला नोकरी लागली, त्या दिवाळीला ती पारोळ्याला गेली. आतड्यांची बातमी तिच्या आधीच घरी पोचली होती. ताटावर बसल्यावर बाबूजींनी विचारलं, "मासे मारतेस?"

"नाही, बाबूजी. मेलेल्या माशांचं टाकलेलं घेते."

"आणि त्यातला किडा? तो तर जिवंत असतो ना?"

ती खोटं बोलू शकली असती. घरात सगळ्यांना तेच हवं होतं. पण ती म्हणाली, "हो. त्याला औषधात घालून मारावं लागतं. त्याशिवाय काचेवर नीट दिसत नाही." बाबूजी ताटावरून उठले. ओरडले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी लेकीच्या हातचं अन्न घेतलं नाही आणि पाणीही घेतलं नाही. दुकानाच्या कामाला ते धुळ्याला येत, देवपूरला तिच्या घरी टेकतही, पण बरोबर स्वतःची पाण्याची कळशी आणि गळणं घेऊन. कंचन चहाला विचारायची नाही. ते तांब्यातलं आपलं पाणी पीत, दुकानातल्या गोष्टी सांगत आणि उठत. दार लावून घेताना ती म्हणे, "आले तरी ना... तेवढं पुरे आहे." ते पुरत नव्हतं, हे तिला आणि मला दोघींनाही ठाऊक होतं.

अशीच बरीच वर्षं गेली. मधल्या काळात आपल्याकडचा नारू संपला. पारोळ्यातल्या त्या विहिरीच्या पायऱ्या बुजवून वर रहाट बसवला गेला. बाबूजी थकले आणि डोळे दाखवायला धुळ्याला येऊ लागले. अशाच एका फेरीच्या वेळी कंचनने मला बोलावून घेतलं. "तू बस जरा. तू असलीस की ते रागवत नाहीत."

बाबूजी ओट्यापाशी आपल्या कळशीतलं पाणी गाळत होते. दुहेरी कापड, त्यातून पाणी तांब्यात. मग त्यांनी कापड उलटं केलं, गाळलेलंच थोडं पाणी त्यावर ओतलं आणि ते लहान लोट्यात धरलं. ही जिवाणी. गाळताना अडकलेले जीव ज्या विहिरीतून आले, तिथेच परत सोडायचे, असा त्यांचा धर्म. म्हणून तो लोटा बसमध्ये मांडीवर धरून ते पारोळ्याला परत न्यायचे.

"बाबूजी, त्यातला एक थेंब दाखवू तुम्हाला?" कंचन म्हणाली.

त्यांनी लोट्यावर हात ठेवला. "मारशील."

"नाही. औषध नाही, काही नाही. पाहू आणि परत लोट्यात टाकू. विमलसमोर सांगते."

तिने सूक्ष्मदर्शक खिडकीशी नेला. दिव्याने पाणी तापेल, म्हणून आरशाने उन्हाचा उजेड घेतला. बाबूजी वाकले. ते इतका वेळ वाकलेले राहिले, की कंचनने त्यांच्या मागे स्टूल सरकवलं.

"एकच डोळा आहे याला."

"हो. सायक्लॉप्स म्हणतात."

"आणि बाजूला या दोन पिशव्या? पोटुशी आहे की काय?"

"अंडी आहेत ती, बाबूजी."

ते हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं. "इतकी वर्षं यांना घरी पोचवत आलो. आज तोंड पाहिलं."

मग कंचनने सांगितलं. नारूची पिल्लं याच जीवाच्या पोटात असत. पाण्याबरोबर हा जीव पोटात गेला की माणसाला नारू होई. त्यांच्या कापडात हा अडकत होता, म्हणून घर वाचलं. बाबूजी ताठ बसले. त्यांचा चेहरा उजळला... आणि मग हळूहळू विझला. सारी हयात व्यापारात गेलेल्या माणसाला पुढचं कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

"कापडात अडकलेले मी परत विहिरीत सोडत होतो."

कंचनने सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हातून वळवला.

"सुका त्याच विहिरीचं पाणी प्यायचा. खरं सांग, कंचन."

तिने माझ्याकडे पाहिलं. एकदा खरं बोलून तिने वडिलांचं ताट गमावलं होतं. आता निदान ते घरी येत तरी होते. एक लहानसं 'नाही' म्हटलं असतं, तरी चाललं असतं.

"पायऱ्यांवरून सगळं गाव पाण्यात उतरत होतं," ती म्हणाली. "तुम्ही सोडले नसते तरी विहिरीत ते होतेच. पण तुमच्या गळण्यातलेही काही परत गेले. तेही खरं आहे."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. बाबूजी लोट्यातल्या पाण्याकडे पाहत राहिले. "तू मारतेस म्हणून मी उठलो होतो," ते म्हणाले. "माझ्या हातून काहीच होत नाही असं धरून..." वाक्य तिथेच राहिलं. मग ते स्टुलावरून उतरले, जमिनीवर नीट मांडी घालून बसले आणि म्हणाले, "पाणी दे."

कंचनने तांब्या पुढे केला. तो त्यांचा होता.

"ते नको. तुझ्या माठातलं."

तिने बाबूजींचं गळणं घेतलं, आपल्या माठातलं पाणी त्यातून गाळलं आणि पेला त्यांच्या हातात दिला. ते पूर्ण प्यायले. जेवायचं ते बोलले नाहीत आणि तिनेही विचारलं नाही. काचेवरचा थेंब तिने पाण्याने लोट्यात उतरवला, परत काच सूक्ष्मदर्शकाखाली धरून बघितली आणि मगच लोटा त्यांना दिला.

दारात त्यांनी विचारलं, "आता विहिरीत नारू नाही ना?"

"नाही, बाबूजी."

"मग यांना घरी पोचवतो," असं म्हणत ते लोटा सांभाळत रिक्षात बसले. गळणं मात्र ठेवून गेले. "पुढच्या वेळी लागेल."

पुढच्या वेळी ते कळशी न घेता आले. त्यानंतरही काही वेळा आले. बाबूजी वारल्यावर कंचन रोज सकाळी नळाचं पाणी त्या कापडातून गाळू लागली. नळाच्या पाण्यात असतं काय, म्हणून मी चिडवलं की म्हणे, "काही नसतं. खात्री करून घेते." कापड उलटं करून धुतलेलं पाणी ती अंगणातल्या दगडी कुंडीत ओतायची. जिवाणी मातीत टाकायची नाही, पाण्याला पाणीच मिळालं पाहिजे, हे बाबूजींचं म्हणणं. जंत मात्र ती पूर्वीसारखेच औषधात घालत राहिली. तेही तिने कधी लपवलं नाही.

मागच्या आठवड्यात भाचा घर आवरायला आला होता. काचपट्ट्यांच्या पेट्या महाविद्यालयात पोचल्या. सूक्ष्मदर्शक तो पारोळ्याला घेऊन गेला. खिडकीशी येऊन त्याने विचारलं, "मावशी, हे फडकं टाकून देऊ?" मी त्याच्या हातातून घेतलं.

गळणं आता माझ्याकडे आहे. मधोमध विरलं होतं, तिथे कंचनने घातलेले टाके आहेत. सकाळी मी त्यातून पाणी गाळते, उलटं करून धुते आणि ते पाणी तिच्या अंगणातल्या कुंडीत ओतून येते. कुंडीत पाणी आहे.