विहित नमुन्यातली डबी

शांताराम केळशीकरांनी चौतीस वर्षं केंद्र सरकारची नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही कागद हरवला नाही. फारसा हललाही नाही, असं त्यांची बायको सुमित्रा म्हणते, पण तो भाग सोडा. २००५ साली ते सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, दिल्लीतलं आर. के. पुरमचं क्वार्टर सोडलं आणि गाझियाबादकडच्या नव्या वस्तीत आठव्या मजल्यावर फ्लॅट घेऊन राहिले. सोसायटीला लिफ्ट दोन होत्या. त्यातली चालू कुठली, याची नोंद शांताराम रोज सकाळी एका वहीत करत. कोणी सांगितलं नव्हतं, तरी करत.

जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्या लेकीने, चेतनाने, बंगलोरहून कुरियरने एक वस्तू पाठवली. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी, काळी, गुळगुळीत. सोबत वीतभर वायर.

"याला एसएसडी म्हणतात, बाबा," ती फोनवर म्हणाली. शांतारामांना हे एखाद्या हुद्द्याचं नाव वाटलं. त्यांनी मनातल्या मनात त्याला डेप्युटी सेक्रेटरीच्या वर आणि जॉइंट सेक्रेटरीच्या खाली बसवलं. सुमित्राने सरळ 'डबी' म्हणायला सुरुवात केली आणि घरात तेच नाव पडलं.

डबीत काय होतं ते महत्त्वाचं. १९९२ साली आर. के. पुरममध्ये शेजारच्या विजयाताईंकडे दुबईहून हँडिकॅम आला. तेव्हापासून पुढची चौदा वर्षं सुमित्राचं संक्रांतीचं हळदीकुंकू त्या कॅमेऱ्याने टिपलं. बाहेर बाजारात रोज नवी टूथपेस्ट आणि नवी गाडी येत होती, आणि आत सेक्टर चारच्या बायका नव्या साड्या नेसून नवऱ्याचं नाव उखाण्यात घेत होत्या. त्या कॅसेटींना बुरशी लागत होती, म्हणून चेतनाने त्या बंगलोरला नेल्या, एका स्टुडिओतून सगळं व्हिडिओत उतरवून घेतलं आणि डबीत भरलं. कॅसेटी स्टुडिओने फेकून दिल्या. तिच्या लॅपटॉपवर जागा नव्हती, म्हणून तिथूनही तिने सगळं काढून टाकलं.

"आईचे चौदा उखाणे आहेत, बाबा. एकही रिपीट नाही. यार, तुम्ही एकदा ऐकाच!"

इथे गोम होती. शांतारामांनी त्यातला एकही ऐकलेला नव्हता. हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषाला घरात थारा नसतो, म्हणून ते दरवर्षी त्या दिवशी ऑफिसात उशिरापर्यंत बसत. एरवी सुमित्रा त्यांना 'अहो' म्हणे. आपलं नाव तिच्या तोंडून कसं वाटतं, हे त्या गृहस्थाला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ठाऊक नव्हतं. आता मात्र ते त्यांना ऐकायचं होतं, अगदी जीव टाकून ऐकायचं होतं.

येत्या रविवारी सुमित्राच्या जुन्या मैत्रिणी जमणार होत्या आणि टीव्हीवर सगळ्याच बघणार होत्या. डबीला हात लावू नका, शनिवारी मी व्हिडिओ कॉलवर एकेक पायरी सांगते, असं चेतनाने बजावलं होतं. पण बायकांच्या घोळक्यात आपल्याला पुन्हा बाहेर काढणार, हे शांताराम ओळखून होते. गुरुवारी सुमित्रा तीळ आणायला खाली गेली. त्यांनी चष्मा पुसला, डबी वायरीने कॉम्प्युटरला जोडली आणि हात जोडून बसले.

आता झालं असं की चेतनाचा लॅपटॉप एका घराण्याचा आणि शांतारामांचा कॉम्प्युटर दुसऱ्याचा. एकाची चीज दुसऱ्याला कळेना. कॉम्प्युटरने पडद्यावर विचारलं, ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉर्मॅट करावी लागेल. करायची का?

शांतारामांना भरून आलं. फॉर्मॅट! म्हणजे विहित नमुना! निवृत्तीनंतर चौदा वर्षं ज्याला त्याला तोंडी सांगावं लागत होतं. बँकेत तोंडी, मदर डेअरीवर तोंडी, सोसायटीच्या सेक्रेटरीकडेही तोंडी. आणि हे छोटंसं यंत्र अर्ज मागत होतं, तोही विहित नमुन्यात. असल्या खात्याला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी 'हो' दाबलं.

नमुना आला. 'अ‍ॅलोकेशन युनिट', 'व्हॉल्यूम लेबल'. जुनी माणसं भेटल्यासारखं झालं. लेबलाच्या रकान्यात त्यांनी 'एस. के. केळशीकर, निवृत्त' असं भरलं. खाली 'क्विक' या शब्दापुढे आधीच टिक होती. सरकारी काम घाईने करायचं नसतं, म्हणून त्यांनी ती टिक काढली. मग यंत्राने ताकीद दिली की डिस्कवरचा सगळा डेटा नष्ट होईल. डेटा म्हणजे आकडेवारी, हे त्यांना चांगलं माहीत होतं. दर तिमाहीला तेच काम केलेलं. डबीत उखाणे होते, आकडेवारी कुठली? त्यांनी 'ओके' दाबलं आणि हिरवी पट्टी सरकताना बघत बसले.

पट्टी भरली. शांतारामांनी डबी उघडली. आत काहीच नव्हतं. फक्त नाव होतं, त्यांचं स्वतःचं.

त्यांनी चेतनाला फोन लावला.

"बाबा, तुम्ही फॉर्मॅट केलंत?"

"मी नाही केला. त्याने मागितला. मी भरून दिला."

"क्विक होतं ना? क्विक असेल तर काहीतरी परत काढता येतं."

"क्विक मी रद्द केलं," शांताराम म्हणाले, आणि आपण काय केलं ते त्यांना त्या क्षणी कळलं. चौदा वर्षं बायकोने आपलं नाव घेतलं, आपण ऐकायला नव्हतो, आणि ऐकायची वेळ आली तेव्हा आपल्याच हाताने पुसून मोकळे झालो.

तोंडाने सांगणं त्यांना जमेना. शुक्रवारी सकाळी सुमित्राच्या चहाच्या कपाखाली एक टिपण सापडलं. '१. विषयांकित डबी दि. १७ रोजी जोडण्यात आली. २. तपासणीअंती ती कोरी असल्याचे निदर्शनास आले. ३. सबब, रविवारचा कार्यक्रम रद्द करण्याबाबत आदेश व्हावेत.'

सुमित्रानेही चौतीस वर्षं सरकारी संसार केलेला. तिने टिपण दोनदा वाचलं, डोळ्याला पदर लावला, आणि पेन घेऊन समासात दोन शब्द लिहिले: 'प्लीज स्पीक.' म्हणजे समोर येऊन तोंडी खुलासा करा.

भल्याभल्या अधिकाऱ्यांना या दोन शब्दांनी घाम फुटलेला शांतारामांनी पाहिला होता. त्या दिवशी त्यांना सर्दी झाली. शनिवारी घसा बसला. सुमित्रा तिळगुळाचे लाडू वळत राहिली.

रविवारी लक्ष्मीबाई नगरहून मीनाक्षी आली, आर. के. पुरमच्या विजयाताई आल्या, सोसायटीतल्या आणखी पाचसहाजणी आल्या. "चलो, लावा टीव्ही!" मीनाक्षी म्हणाली. शांताराम बेडरूममध्ये दाराला कान लावून उभे होते.

"टीव्ही नाही," सुमित्रा म्हणाली. "उखाणे पुसले गेले. कसे गेले ते हे सांगतील. अहो! बाहेर या."

हळदीकुंकवात पुरुष! बायका सावरून बसल्या. शांताराम मफलर गुंडाळून सतरंजीच्या कडेला येऊन उभे राहिले.

"चौदा वर्षांचा बॅकलॉग आहे," सुमित्रा म्हणाली. "मी नाव घेतलं, आता तुम्ही घ्या. उखाण्यातच सांगा काय झालं ते."

शांतारामांनी घसा खाकरला. "डबी कोरी झाल्याचे निदर्शनास आले आहे, सौ. सुमित्रा यांचे नाव घेण्यात येत आहे."

विजयाताईंच्या हातातल्या गुलाबदाणीचा फवारा मीनाक्षीच्या चष्म्यावर उडाला. बायका हसून हसून आडव्या झाल्या. हसली नाही ती फक्त सुमित्रा.

"घेण्यात येत आहे? कोण घेतंय, शिपाई? आणि डबी काय आपोआप कोरी झाली?"

साऱ्या नोकरीत त्यांनी 'मी' हा शब्द लिहिला नव्हता. केलं जातं, ठरवलं जातं, दिसून येतं. करणारा कोणी नसतोच, म्हणून सापडतही नाही. पण समोर सुमित्रा उभी होती, हातात कुंकवाचा करंडा, नाकाचा शेंडा लाल, आणि ती वाट बघत होती. त्यांनी मफलर सोडला. बोटांवर काहीतरी मोजलं.

"न कळता हो म्हटलं, डबी केली मी कोरी,
सुमित्राचं नाव घेतो, कबूल करतो चोरी."

या वेळी कोणी हसलं नाही. मीनाक्षीने चष्मा पुसला.

"मला ते ऐकायचे होते गं," शांताराम म्हणाले. "सगळ्यांच्या आधी, एकट्याने. म्हणून लावली. तुला त्यातला एखादा तरी आठवतो का?"

सुमित्राने करंडा खाली ठेवला. मग म्हणाली, "एकच आठवतो. सत्त्याण्णव सालचा. तेव्हा सगळ्या हसल्या होत्या, मला नव्हतं हसू आलं." आणि तिने खाली बघत म्हटलं:

"फायलींचे रचले टेबलावर गठ्ठे,
शांतारामरावांचं नाव घेते, पण आहेत ते कुठे?"

शांताराम पुढे आले आणि बायकांच्या मधोमध सतरंजीवर मांडी घालून बसले.

"इथे आहे मी," ते म्हणाले.